मदत हवी आहे: ऑक्टाव्हिया आरएस १.८ टर्बोला प्लग ६ नंबरचे की ७ नंबरचे?

लाल_माती (डिचोली)

नमस्कार मंडळी,

गाडी २००६ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटर टर्बो पेट्रोल, वीस व्हॉल्व्हवालं इंजिन. कंपनीतून १५० पीएस. आधीच्या मालकाने ईसीयू (इंजिनाचा संगणक) रीमॅप करून, म्हणजे त्यातलं सेटिंग बदलून ताकद वाढवून घेतलीय; त्याच्या म्हणण्याप्रमाणे आता १९० च्या आसपास. डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा कागद नाही, त्यामुळे हा आकडा श्रद्धेचा भाग समजा. टर्बो, इंटरकूलर, इंजेक्टर सगळं मूळचंच.

रोजचं डिचोली ते पर्वरी येणं-जाणं असतं, त्यात गाडीची काही कुरकुर नाही. पण सुट्टीच्या दिवशी बेळगावला निघालो आणि केरी सोडून चोर्ल्याची चढण लागली, की तिसऱ्या गिअरला ३००० आरपीएमच्या पुढे पाय दाबताच मिसिंग, म्हणजे ठिणगी चुकते. आचके देते, इंजिनाचा दिवा लुकलुकतो. पाय काढला की पुन्हा शहाण्यासारखी चालते. स्कॅनर लावला तर पी०३०० (कुठेही मिसिंग) आणि पी०३०३ (तिसऱ्या सिलिंडरला मिसिंग) हे कोड. पावसात जास्त होतं असं वाटतं, पण तो माझा संशयही असेल.

प्लग काढून पाहिले. एनजीके बीकेआर६ई-११ निघाले. टोकं फिक्या तपकिरी रंगाची, तेल नाही, काजळी नाही. फक्त पांढऱ्या चिनी मातीच्या भागावर, बाहेरच्या बाजूला, पत्र्याच्या लगेच वर तांबूस पट्टा आलाय. तिथून गॅस गळतोय का?

नवे घ्यायचे म्हणून चौकशी केली आणि गोंधळ वाढला. म्हापशाचा दुकानदार म्हणतो बीकेआर६ईआयएक्स-११ घ्या, इरिडियम आहे, विसरून जा. फोंड्याचे मेस्त्री म्हणतात रीमॅप आहे तर ७ नंबर, साधे कॉपर, बीकेआर७ई. कंपनीच्या यादीत प्लॅटिनमवाला पीएफआर६क्यू. आणि आमचे एक मित्र आहेत, ते थेट ९ नंबरचे रेसिंगचे, बिनरेझिस्टरचे घाल म्हणतात. ते स्वतः स्कूटर चालवतात.

घाट महिन्या-दोन महिन्यांतून होतो, बाकी सगळं गावातलंच फिरणं. ६ की ७? इरिडियम की साधे?

घाटवाट

प्लग नंतर बघा. आधी तिसऱ्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देते ती) पहिल्यावर घाला आणि पहिल्याची तिसऱ्यावर. घाटात जाऊन या. कोड पी०३०१ झाला तर कॉइल गेली. पी०३०३ च राहिला तर कॉइल निर्दोष सुटली. फुकटातली परीक्षा आहे.

आणि दिवा नुसता लागलेला नाही, लुकलुकतोय, म्हणजे न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय. तशीच दामटू नका.

कुडचड्याचा_पाना

बाबा, तू नंबर विचारतोयस, पण मला त्या कोडच्या शेपटीतले ‘११’ खुपतायत.

बीकेआर६ई-११ असं फोडून वाच. बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे. के म्हणजे १६ चा पाना. आर म्हणजे आत रेझिस्टर. ६ म्हणजे उष्णतेचा नंबर. ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. आणि शेवटचे ११ म्हणजे गॅप, ठिणगी जिथे उडते ती फट, १.१ मिलिमीटर. प्लग तुझ्या हेडमध्ये नीट बसतो, त्यामुळे लावणाऱ्याला काही चुकल्यासारखं वाटलं नसणार. पण १.१ ही गॅप बिनटर्बोच्या इंजिनाची.

सिलिंडरमधली हवा जितकी दाबलेली, तितकं ठिणगीला ती फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. पर्वरीला जाताना टर्बो जेमतेम फुंकर मारतो, तिथे १.१ सुद्धा चालून जातं. चढणीला पूर्ण बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) आला, त्यात रीमॅपने बूस्ट वाढवलेला, की कॉइलची ताकद पुरत नाही. ठिणगी पडत नाही किंवा बाहेरून चिनी मातीवरून पत्र्यावर उतरते. पाय काढलास की दाब कमी, पुन्हा सगळं ठीक. तुझं वर्णन शब्दाशब्दाने हेच आहे. पावसाचंही पटतं, ओलसर हवेत कॉइलच्या रबरी बुटातून ठिणगी पळायला सोपं जातं.

फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घे आणि चारही प्लग मोजून इथे लिही. झिजून गॅप आणखी वाढलेली असेल.

तांबूस पट्ट्याची काळजी करू नको. त्याला कोरोना स्टेन म्हणतात. जास्त व्होल्टेजमुळे आजूबाजूच्या हवेतले तेलाचे कण तिथे ओढले जाऊन चिकटतात. गॅस गळती नाही. हां, त्याच मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी उभी रेघ दिसली तर मात्र ती ठिणगीची पळवाट. मग प्लग आणि बूट दोन्ही बदलायचे.

खारा_वारा (मोरजी)

मी इरिडियमच्या बाजूने. निकेलचा वितळणबिंदू १४५५ अंश, प्लॅटिनमचा १७६८, इरिडियमचा २४४६. म्हणून इरिडियमचं टोक सुईसारखं बारीक ठेवता येतं, एनजीके आयएक्सचं ०.६ मिलिमीटर, डेन्सो इरिडियम पॉवरचं ०.४. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला सुटते, म्हणजे बूस्टखाली कॉइलला तेवढाच दिलासा. ‘कॉपर’ प्लगला कॉपर म्हणतात तरी तांबं गाभ्यात असतं, टोक निकेलचंच, आणि टर्बोत ते लवकर गोल होतं. पुन्हा पुन्हा प्लगपाना कोण फिरवणार?

डेन्सो बघणार असाल तर तिथले नंबर वेगळे. एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २०, ७ म्हणजे २२. बॉशचं गणित उलटं. एनजीके आणि डेन्सोत नंबर वाढला की प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा, बॉशमध्ये नंबर वाढला की गरम. दुकानात ‘७ नंबर द्या’ म्हणालात आणि त्याने बॉशचा ७ हातात ठेवला, तर तो एनजीकेच्या ६ च्या जवळचा निघतो. आमच्याकडच्या जुन्या मेस्त्रींना तर अजून प्रत्येक प्लग ‘मायको’च, बॉशचं इथलं जुनं नाव.

लाल_माती

सगळ्यांचे आभार. कॉइलची अदलाबदल करून घाटात गेलो, कोड पी०३०३ च राहिला. कॉइल सुटली. गॅप मोजली: पहिला १.२, दुसरा १.१५, तिसरा १.२५, चौथा १.२. काळी रेघ कुठेही नाही.

म्हणजे कुडचड्याचा बाण लागला म्हणायचा. मग हेच प्लग ठोकून ०.७ वर आणू का? आणि ६-७ चा प्रश्न तसाच राहिला.

कुडचड्याचा_पाना

नको. १.१ चा प्लग ०.७ ला आणायचा म्हणजे वरची पट्टी इतकी वाकवायची की ती तिरकी होते आणि ठिणगी कडेवरून पडते. मुळातल्या गॅपपासून ०.२ च्या पलीकडे ओढाताण करायची नाही. शिवाय झिजलेल्या प्लगच्या कडा गोल झालेल्या, त्यांना व्होल्टेज जास्तच लागणार. शेपटीला ११ नसलेले नवे घे. दुकानदाराने सांगितलेले आयएक्स-११ पण म्हणूनच बाद.

घाटवाट

६ पुरे आहे, माझं मत. रोजची गाडी गावात चालते. थंड प्लग गावात काजळी धरतो, सकाळी स्टार्टिंगला त्रास. एनजीकेचाच ढोबळ नियम आहे की साधारण ७५ ते १०० हॉर्सपॉवर वाढली की एक नंबर थंड. तुमची वाढली ४०, तीही श्रद्धेची.

हेडवाला_मडगाव

नियम बरोबर, पण इथे थोडं थांबून विचार करा.

प्लगचा नंबर ठिणगीची ताकद सांगत नाही, प्लगच्या नाकावरची उष्णता हेडकडे किती वेगाने जाते ते सांगतो. चिनी मातीचं नाक लांब असेल तर उष्णतेचा रस्ता लांब, प्लग गरम. नाक आखूड, प्लग थंड. टोक साधारण ४५० अंशांच्या वर गेलं की काजळी आपोआप जळते. ८५० च्या पलीकडे गेलं की टोकच निखारा होऊन ठिणगीच्या आधी मिश्रण पेटवतं. पहिल्या चुकीत प्लग काळा होतो, दुसऱ्या चुकीत पिस्टनला भोक पडतं. दोन्ही चुका एका तराजूत घालू नका.

आता यांचा वापर बघा. डिचोली-पर्वरी म्हणजे काही बाजारातला फेरा नव्हे, इंजिन नीट तापतं, ७ नंबरला स्वच्छ राहायला तेवढं पुरतं. उलट चोर्ल्याला एप्रिल-मे महिन्यात, एसी चालू, चार माणसं, सतत बूस्ट, आणि रीमॅप कोणाचा ते माहीत नाही. त्याने इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, किती पुढे ओढलंय देव जाणे. अशा वेळी मी ७ घालीन. मॅप खात्रीचा असता, सोबत कागद असता, तर घाटवाट म्हणतात तसा ६ ठेवला असता. ९ नंबर हा विनोद आहे. आणि बिनरेझिस्टरचा प्लग घातला तर विद्युत गोंगाटाने रेडिओ खरखरेल, ईसीयूचे सेन्सरही गडबडू शकतात.

पहिल्या खेपेला साधे बीकेआर७ई घ्या, ०.७ ला लावा. स्वस्त आहेत, दोन-तीन हजार किलोमीटरनंतर काढून वाचता येतात. पटलं तर मग त्याच नंबरात इरिडियम. खारा_वारा म्हणतात ते खोटं नाही, फक्त नंबर ठरायच्या आधी महागडे प्लग कशाला?

वाचताना वरच्या पट्टीवर रंग कुठे बदलतो ते बघा. खूण पट्टीच्या वळणाच्या आसपास असेल तर नंबर बरोबर. खूण पार टोकाकडे असेल तर प्लग जास्त थंड, मुळापाशी आट्यांजवळ असेल तर जास्त गरम. आणि पांढऱ्या मातीवर मिरपूड उडवल्यासारखे ठिपके किंवा चकचकीत कण दिसले तर गाडी त्याच दिवशी बंद ठेवा. ते नॉकिंग (मिश्रण भलत्या वेळी फुटणं) आहे, चमकतंय ते पिस्टनचं ॲल्युमिनियम.

पेट्रोल कोणतं घालता?

लाल_माती

एक्सपी९५, म्हणजे ९५ ऑक्टेनचं, मिळेल तिथे. नाही मिळालं तर साधं.

हेडवाला_मडगाव

घाटाच्या दिवशी तरी ‘नाही मिळालं तर’ नको. निघायच्या आधीच टाकी भरून ठेवा.

खारा_वारा (मोरजी)

प्लग घेताना नकली मालाला जपा. एनजीकेच्या नावाचे खोटे प्लग बाजारात भरपूर. खऱ्याची छपाई रेखीव असते, मधलं टोक पट्टीच्या बरोबर खाली येतं, वायसर हाताने सहज निघून येत नाही. चार प्लगांत दोघांची गॅप डोळ्याला वेगळी दिसली तर परत करा. बिल द्यायला तयार असेल त्याच्याकडूनच घ्या, भले म्हापशाऐवजी पणजीला जावं लागलं तरी.

किनाऱ्याजवळ गाडी उभी राहत असेल तर जुने काढायच्या आधी प्लगच्या खड्ड्यात हवा मारा. आमच्याकडे तिथे गंजाची पूड आणि तुमच्याकडे खाणीची धूळ. ती सिलिंडरमध्ये जायला नको.

लाल_माती

बीकेआर७ई आणले, बिलासकट. शेपटी नाही, मोजून ०.७ ला लावले. आता शेवटची शंका. फोंड्याचे मेस्त्री म्हणतात आट्यांना ग्रीस लाव, पुढच्या वेळी सहज निघतील. आणि टॉर्क किती?

कुडचड्याचा_पाना

ग्रीस नाही, तांब्याची पेस्टही नाही. एनजीकेच्या आट्यांवर आधीच लेप असतो. वंगण लावलं की त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो आणि हेड ॲल्युमिनियमचं आहे बाबा, आटे गेले तर प्लगच्या पैशात भागणार नाही.

इंजिन पूर्ण थंड असताना बसव. आधी नुसत्या हाताने, रबरी नळीत धरून फिरव, आडवा जात असेल तर हाताला लगेच कळतं. मग २५ ते ३० न्यूटन मीटर. टॉर्क पाना नसेल तर हाताने टेकल्यावर नव्या वायसरला अर्धा फेरा, बस. सैलही ठेवू नको, प्लगची उष्णता त्या वायसरमधूनच हेडमध्ये उतरते. सैल राहिलेला ७ नंबर ५ नंबरपेक्षा गरम चालेल.

कॉइलच्या बुटात आतून डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचं बारीक बोट फिरव. पावसाळ्यासाठी. ते ग्रीस वेगळं, मेस्त्रींच्या डब्यातलं नव्हे.

लाल_माती

परवा बेळगावला जाऊन आलो. केरीपासून वरपर्यंत तिसरा गिअर, भर पावसात, एकही आचका नाही. कोड पुसले होते, परत आले नाहीत. सकाळी थंड इंजिन सुरू करताना पहिले काही सेकंद किंचित घरघर जाणवते, ६ नंबरवर ती नव्हती. घाटवाट, तुमचा मुद्दा तिथे खरा निघाला, पण तेवढं मला चालेल.

दोन हजार किलोमीटर झाले की काढून पट्टीचे फोटो टाकतो. देव बरें करूं सगळ्यांचं.

घाटवाट

ती घरघर थंडीत वाढली तर लिहा. माझ्याकडे ०.७ ला लावलेले ६ नंबरचे चार पडून आहेत, साखळीला येऊन घेऊन जा, लावून बघा.