मदत हवी आहे: तेरा महिन्यांच्या नातवाबरोबर दिवसभरात कोणत्या कृती कराव्यात?

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेतून गणिताचा शिक्षक म्हणून निवृत्त झालो असून गेल्या दीड महिन्यापासून पत्नीसह पुण्यात मुलाकडे राहायला आलो आहे. सुनेची रजा संपून ती पुन्हा नोकरीवर रुजू झाली, त्यामुळे सकाळी साडेआठपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत आमचा तेरा महिन्यांचा नातू आम्हा दोघांजवळ असतो. पत्नीचे गुडघे दुखतात आणि तिला जमिनीवर फार वेळ बसवत नाही, म्हणून त्याच्याशी खेळण्याची जबाबदारी मुख्यतः माझ्याकडे आली आहे. एकतीस वर्षे मी आठवी ते दहावीच्या मुलांना शिकवले. त्यांचे कुठे अडले आहे हे मला वहीवरून कळत असे. एक वर्षाच्या मुलाचे शिकणे कसे ओळखावे आणि त्याला आपण कोणती मदत करावी, हे मला मनापासून समजून घ्यायचे आहे.

नातू ओट्याला किंवा पलंगाला धरून उभा राहतो, धरून दोन्ही बाजूंना सरकतो, पण हात सोडून अजून चालत नाही. ‘आई’ आणि ‘बाबा’ म्हणतो, पंख्याला ‘पं’ म्हणतो, आणि जे हवे असेल त्याकडे बोट दाखवतो. सुरुवातीला मी रंग, आकार, चित्रे, गाणी आणि चेंडू असे पाच भाग करून प्रत्येकाला वीस मिनिटे ठेवली होती. चित्रांच्या पुठ्ठ्यापाशी तो तीन-चार मिनिटांहून अधिक थांबत नाही. तेच पत्नी मेथी निवडायला बसली की तिच्या शेजारी पाऊण तास बसून राहतो. परवा त्याने कांद्या-बटाट्याच्या टोपलीतले बटाटे एकेक करून स्टीलच्या पातेल्यात टाकले. प्रत्येक बटाटा तळाशी आपटून आवाज झाला की तो माझ्या तोंडाकडे पाही, मी मान हलवली की पुढचा बटाटा उचली. पातेले भरल्यावर त्याने सगळे बटाटे परत टोपलीत टाकले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. हे सहा वेळा झाले. यात काहीतरी महत्त्वाचे घडते आहे असे मला वाटते, परंतु नेमके काय, ते मला सांगता येत नाही.

माझ्या शंका अशा आहेत. घरातल्या रोजच्या कामांतून या वयाच्या मुलाला शिकता येईल अशा कोणत्या कृती आहेत, आणि त्या करताना मी बोलावे किती व गप्प राहावे किती? दुसरे म्हणजे, शेजारच्यांनी आपल्या मुलाचा चाकांचा वॉकर आणून दिला आहे, तो वापरावा का? तिसरी गोष्ट सांगताना मला वाईट वाटते, पण ती लपवून उपयोग नाही. दुपारच्या जेवणाला आम्ही त्याला मोबाइलवर गाण्यांचे व्हिडिओ लावून देत आलो आहोत आणि आता त्याशिवाय तो तोंड उघडत नाही. शेवटचे असे की, सून धारवाडची आहे आणि ती त्याच्याशी कानडीत बोलते, आम्ही मराठीत बोलतो. दोन भाषांमुळे त्याचे बोलणे लांबेल, असे काही नातेवाईक म्हणतात. अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

सर, नमस्कार. मी एकात्मिक बालविकास सेवा योजनेत मुख्यसेविका म्हणून काम करून निवृत्त झाले आहे. तुमच्या नातवाचे बटाटे वाचून फार आनंद झाला, कारण भरणे आणि रिकामे करणे हा या वयाचा सर्वांत मोठा अभ्यास आहे. वस्तू मुठीत धरणे, योग्य जागी नेऊन सोडणे, ‘आत’ आणि ‘बाहेर’ यांतला फरक, आपण केले म्हणून आवाज झाला हा कार्यकारणसंबंध, आणि आजोबांनाही हे दिसले ना याची खात्री करून घेणे, एवढे सगळे त्या एका पातेल्यात होते. सहा वेळा केले म्हणजे त्याने सहा वेळा पडताळा घेतला. तुम्ही गणिताचे शिक्षक आहात, पडताळ्याचे मोल तुम्हाला मी काय सांगणार!

मुलासाठी वेगळा तास काढण्यापेक्षा घरातल्या कामाला मुलाची जोड द्यावी. अंघोळीच्या वेळी हात, पाय, पोट, कोपर अशी अवयवांची नावे घेत पाणी घालावे आणि एका लहान मगातून दुसऱ्यात त्याला पाणी ओतू द्यावे. काकू मेथी निवडतील तेव्हा दोन-चार काड्या त्याला द्याव्यात. पान खुडताना अंगठा आणि तर्जनी एकत्र येतात, आणि पुढे घास उचलायला, बटण लावायला, पेन्सिल धरायला हीच चिमट लागते. कणीक मळून झाली की लिंबाएवढा गोळा दाबायला द्यावा, मात्र कच्ची कणीक तो खाणार नाही याकडे लक्ष असावे. वाळलेले कपडे घडी घालताना ‘बाबांचा सदरा कुठे आहे?’ असे विचारून त्याच्या नजरेकडे पाहावे. तो बोलत नसला तरी त्याला किती शब्द कळतात, याचा अंदाज तुम्हाला तिथे येईल. पंचाखाली चेंडू लपवला आणि त्याने पंचा ओढून काढला, म्हणजे न दिसणारी वस्तूही असते हे त्याला उमगले आहे. मग दोन पंचे ठेवून त्याच्या देखत एकाखाली लपवावा.

काकूंचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना यातून वगळू नका. खुर्चीवर बसून तळहातावर बोट फिरवायचा मोराचा खेळ, टाळ्यांचे खेळ, पदराआड तोंड लपवून ‘भो’ करणे हे सगळे त्यांना जमेल. लपलेले तोंड पुन्हा दिसणार, याची वाट पाहणे हेसुद्धा शिकणेच आहे.

किती बोलावे, हा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार चांगले केलेत. तो ज्या वस्तूकडे बोट दाखवील तिचे नाव घ्यावे, एक छोटे वाक्य जोडावे आणि थांबावे. त्याने ‘पं’ म्हटले की ‘हो, पंखा. पंखा फिरतो आहे’ एवढेच म्हणावे आणि मनात पाचपर्यंत आकडे मोजावेत. बहुतेक मोठी माणसे हा अवकाश देत नाहीत आणि मुलाचे उत्तर त्यांच्या पुढच्या वाक्याखाली दबून जाते. बटाट्यांच्या वेळी तुम्ही नुसती मान हलवलीत, तेही योग्यच होते, कारण मूल कामात रमलेले असताना मध्ये बोलू नये. भाषेविषयी निश्चिंत राहावे. आईने कानडी आणि आजी-आजोबांनी मराठी बोलल्याने बोलण्यात दोष किंवा विलंब निर्माण होत नाही. शब्द मोजताना मात्र दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत.

आमच्या प्रशिक्षणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामाविषयी आवर्जून सांगत असत. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी आदिवासी मुलांसाठी परिसरातल्याच वस्तू शिक्षणासाठी वापरल्या, विकतच्या साधनांवर त्या अवलंबून राहिल्या नाहीत. ती मुले तुमच्या नातवापेक्षा मोठी होती, पण साधनाविषयीची दृष्टी तीच उपयोगी पडते. आपल्या हातातली पळी ही मुलाला खुळखुळ्याहून खरी वाटते. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०२४ मध्ये जन्म ते तीन वर्षे या वयोगटासाठी ‘नवचेतना’ हा आराखडा आणला आहे. त्यात वयानुसार करायच्या कृती दिल्या आहेत, जवळच्या अंगणवाडीत त्याविषयी चौकशी करावी.

प्रतिसाद २

काका, जेवताना मोबाइल ही आमच्याही घरची गोष्ट होती, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहिते. आमच्या डॉक्टरांनी सांगितले की भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये, नातलगांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल तेवढा अपवाद. आम्ही जेवतानाचा मोबाइल एकाच दिवसात बंद केला. मुलीला आमच्याच पंगतीत, आमच्याच वेळेला बसवले आणि तिच्यापुढे मऊ भाताची वाटी, शिजवलेल्या गाजराचे लांबट तुकडे आणि एक रिकामा चमचा ठेवला. पहिले चार दिवस ती अगदी कमी जेवली आणि सासूबाईंचा जीव खालीवर झाला. आम्ही मागे लागलो नाही, वीस-पंचवीस मिनिटांनी वाटी उचलत होतो. दहाव्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने भात तोंडात घातला. जमिनीवर जुनी चादर अंथरा, कारण निम्मा भात खालीच सांडणार आहे, आणि तो सांडू द्यावा लागतो. घरातल्या सर्वांनी मात्र एकमत ठेवावे. आमच्याकडे मामाने एकदा मोबाइल काढला आणि पुढचे दोन दिवस वाया गेले.

प्रतिसाद ३

मी लहान मुलांसाठी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. काका, वॉकर कृपया परत करा. चाकांवर बसवलेले मूल क्षणात जिन्यापर्यंत, गरम चहाच्या कपापर्यंत किंवा गॅसच्या नळीपर्यंत पोहोचते आणि त्याने चालणे लवकर येते असेही नाही. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा, कारण त्याला धरून मूल स्वतःच्या पायांवर उभे असते. नातू स्थिर उभा राहू लागल्यावर, चाके फार घसरणार नाहीत अशा जमिनीवर आणि तुम्ही शेजारी असतानाच द्यावा. तेराव्या महिन्यात हात सोडून न चालणे यात काळजीचे काही नाही. घरात अनवाणी ठेवा आणि खुर्च्या हातभर अंतरावर मांडा, म्हणजे एकीवरून दुसरीकडे जाताना एखादे पाऊल तो आधाराविना टाकेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल आणि दुपारच्या झोपेसह ११ ते १४ तास झोप व्हावी.

सावधगिरीचे दोन शब्द. शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, मणी आणि रिमोटमधल्या चपट्या गोल बॅटऱ्या त्याच्या हाती लागता कामा नयेत. पाण्याच्या खेळानंतर बादली लगेच रिकामी करावी, कारण थोड्या पाण्यातही लहान मूल बुडू शकते. नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, बोट दाखवणे किंवा टाटा करणे पुढच्या दोन-तीन महिन्यांतही दिसले नाही, अठराव्या महिन्यापर्यंत आधाराविना चालला नाही, किंवा येत असलेली गोष्ट करायचे त्याने सोडून दिले, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. तुमच्या वर्णनात मला यातले काहीही दिसत नाही.

मूळ प्रश्नकर्ता, बारा दिवसांनंतर

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मी ऋणी आहे. वॉकर त्याच दिवशी परत केला. मोबाइल बंद करून आज अकरा दिवस झाले. पहिल्या आठवड्यात फार रडणे झाले, पण आता तो आमच्याबरोबर पाटाशेजारी बसतो आणि वरणभाताची वाटी स्वतःकडे ओढून घेतो. मुख्यसेविका ताईंनी सांगितलेले थांबणे मला सर्वांत कठीण गेले, कारण वर्गात प्रश्न विचारून उत्तर आले नाही की मी लगेच फळ्याकडे वळत असे. मंगळवारी त्याने खिडकीतल्या कावळ्याकडे बोट दाखवले. मी ‘कावळा’ म्हणालो आणि मनात आकडे मोजू लागलो. चार झाले, पाच झाले, सातव्या आकड्याला तो ‘का’ म्हणाला. संध्याकाळी सून घरी आल्यावर तिने कानडीत ‘कागे’ म्हणून दाखवले, तेव्हाही तो खिडकीकडे पाहून ‘का’च म्हणाला. दोन्ही भाषांत कावळ्याची सुरुवात एकाच अक्षराने होते, हे माझ्या तेव्हा प्रथमच ध्यानात आले.

आता एक नवीन अडचण आहे. दिवाळीत आम्ही त्याला आमच्या गावच्या जुन्या घरी नेणार आहोत. तिथे प्रत्येक खोलीला चार-पाच इंच उंचीचा लाकडी उंबरा आहे आणि सोप्यावरून अंगणात उतरायला कठडा नसलेल्या तीन दगडी पायऱ्या आहेत. तोपर्यंत तो बहुधा चालू लागलेला असेल. पायऱ्यांपाशी फळ्यांची आडकाठी करायचे ठरवले आहे, पण उंबरे झाकावेत की ते चढायला-उतरायला त्याला हात धरून शिकवावे, हे ठरत नाही. जुन्या वाड्यांत मुले वाढवलेल्यांनी याविषयी जरूर लिहावे.