गोकुळाष्टमी ते पोळा: लडाखमध्ये आकाशगंगेच्या फोटोंसाठी दहा दिवसांचा आराखडा तपासून हवा आहे

पायवाट_पुणे

नमस्कार मंडळी. सप्टेंबर २०२६ मध्ये आम्ही तिघं विमानाने लेहला जाऊन तिथून स्थानिक गाडी ड्रायव्हरसह करणार आहोत. दिवसा वाळवंट-डोंगर आणि रात्री आकाशगंगा, एवढ्यासाठीच जातोय. अमावास्या ११ सप्टेंबरला आहे आणि गणपती १४ ला, त्यामुळे १३ च्या संध्याकाळी काहीही झालं तरी घरी पोहोचायला हवं.

कच्चा आराखडा: ४ ला लेह, ५ ला खार्दुंग ला (ला म्हणजे खिंड) ओलांडून हुंदर, ६ पँगाँग, ७ त्सो मोरिरी, ८ उमलिंग ला करून हानले, ९-१०-११ हानले, १२ लेह, १३ परत.

कॅमेरा २४ मेगापिक्सेल फुलफ्रेम, २० मिमी एफ १.८ आणि २४-१०५ एफ ४ अशा दोन लेन्स, मध्यम वजनाचा ट्रायपॉड. प्रश्न तीन आहेत. अमावास्येची रात्र अंधाऱ्या आकाशासाठी राखलेल्या हानलेतच गाठायला हवी ना? पँगाँगच्या पाण्यावर आकाशगंगा कुठून मिळेल? आणि स्टार ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र, भाड्याने घ्यावा का?

रोहिणीशकट

अमावास्येला मध्ये धरून आराखडा आखलात, तिथेच थोडी गफलत आहे. सप्टेंबरमध्ये आकाशगंगेचा गाभा, म्हणजे मूळ नक्षत्र आणि धनू राशीच्या मधला तेजस्वी भाग, संध्याकाळीच नैर्ऋत्येला असतो आणि लवकर मावळतो. ११ सप्टेंबरला हानलेत सूर्यास्त साधारण साडेसहाला. पूर्ण अंधार पावणेआठ-आठला पडतो. तेव्हा गाभा क्षितिजापासून २६ अंशांवर असतो. सपाट क्षितिज असतं तर तो सव्वाअकराला मावळला असता, पण डोंगर धरून चाललं तर सव्वादहापर्यंतच कामाचा. म्हणजे रोज हातात सव्वादोन तास.

या दोन तासांत चंद्र नको, एवढीच अट. ती अमावास्येच्या आधी आठवडाभर रोज पुरी होते. ४ सप्टेंबरला गोकुळाष्टमी आहे, त्या रात्री चंद्र अकरानंतर उगवतो आणि पुढे रोज आणखी उशिरा. गोकुळाष्टमीपासून पोळ्यापर्यंत प्रत्येक संध्याकाळ काळीकुट्ट मिळते. अमावास्येनंतर मात्र चंद्र संध्याकाळच्या आकाशात येतो आणि सरळ गाभ्याकडेच सरकत जातो. गौरी अनुराधेवर येतात, ज्येष्ठेवर जेवतात, मुळावर जातात, हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं. त्या तीन दिवसांत चंद्र नेमका आपल्याला हव्या त्या फ्रेममध्ये बसलेला असतो. तेव्हा सहल दोन दिवस अलीकडे ओढा: २ ला लेह, १२ ला परत. गणपतीच्या तयारीलाही एक दिवस मिळेल.

पँगाँगबद्दल. स्पांगमिक, मान, मेराक ही गावं सरोवराच्या दक्षिण काठावर आहेत. तिथे उभं राहिलं की पाणी उत्तरेला आणि ईशान्येला, तर सप्टेंबरचा गाभा तुमच्या पाठीमागे डोंगरावर. पाण्यावर उभी आकाशगंगा दिसते ते फोटो बहुतेक मे-जूनचे, लुकुंगच्या टोकाकडून आग्नेयेला सरोवराच्या लांबीवर काढलेले. सप्टेंबरमध्ये तिथे दोन चांगल्या फ्रेम मिळतात. एक, ध्रुव मध्ये धरून पाण्यावर ताऱ्यांच्या रेषा. दुसरी, मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास पूर्वेला वर येणारं मृग नक्षत्र आणि हिवाळी आकाशगंगा. ६ तारखेच्या रात्री दीडच्या सुमारास बारीक कोर ईशान्येकडून उगवेल. तिला शिव्या देऊ नका, समोरच्या डोंगरांना तिचाच उजेड पुरतो.

हानलेत साधा नियम लक्षात ठेवा: जे फोरग्राउंड हवं, त्याच्या ईशान्येला उभं राहायचं, म्हणजे गाभा त्याच्या मागे येतो. मठ असो, वेधशाळेची टेकडी असो की एखादा चोर्तेन (बौद्ध स्तूप). दिवसा होकायंत्र घेऊन जागा पक्की करा आणि तिथे दगडांची छोटी रास लावून ठेवा, अंधारात शोधाशोध होत नाही.

खिंडवाला

तारखा रोहिणीताईंनी लावल्या, मी उंचीचं बोलतो, कारण मूळ आराखड्यात धोका तिथे आहे. लेह ३५०० मीटर. विमानाने थेट तिथे उतरून दुसऱ्याच दिवशी ५३५९ मीटरची खार्दुंग ला ओलांडायची नाही. पूर्ण ४८ तास लेहमध्ये काढा, पहिला दिवस तर झोपून आणि पाणी पीत. हुंदर ३१०० च्या आसपास आहे, लेहपेक्षा खाली, म्हणून पहिली रात्रीची शूटिंग तिथे ठेवणं शरीराला बरं.

असं करा:
२-३ लेह. ४-५ हुंदर. ६ ला शयोक नदीच्या रस्त्याने दुर्बुक, तांगत्से करून पँगाँग, मुक्काम मेराक. ७ ला चुशूल, त्साका ला, लोमा करून हानले. ७-८-९ हानले. १० ला लोमा, माहे, चुमाथांग, उपशी करत लेह, साधारण २५० किलोमीटर, सात-आठ तास. ११ हा दिवस मोकळा, १२ ला विमान.

त्सो मोरिरी आणि उमलिंग ला दोन्ही काढून टाका. उमलिंग ला १९,०२४ फूट आहे. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत जागून सकाळी तिथे जायचं, हे मला पटत नाही. तुमचं काम रात्रीचं आहे, दिवसाची झोप त्या कामाचाच भाग धरा.

मोकळा दिवस कापू नका. शयोकच्या रस्त्यावर दुपारी बर्फ वितळून नाल्यांना पाणी चढतं, म्हणून हुंदर सकाळी सहाला सोडायचं. चुशूलचा रस्ता बंद असेल तर पँगाँगहून चांग ला, कारू, उपशी, माहे असा वळसा पडतो आणि त्यात अख्खा दिवस जातो.

डायमॉक्सचं, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीचं, डॉक्टरांना निघण्याआधीच विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. डोकं दुखतंय, भूक नाही, एवढ्यावर असेल तर तिथेच थांबायचं, आणखी वर जायचं नाही. चालताना तोल जायला लागला, बसल्या जागी दम लागला किंवा बोलण्यात गोंधळ व्हायला लागला तर उजाडायची वाट न बघता खाली. हानलेची अडचण हीच की आसपास 'खाली' असं काही नाही, भोवती सगळं ४००० च्या वर. लेह सात तासांवर. गाडीत नळी-मास्कसह ऑक्सिजनचा खरा सिलिंडर असावा. दुकानातले स्प्रेसारखे डबे काही मिनिटांत संपतात.

बाकी किरकोळ: बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, तिघांपैकी दोघांकडे वेगवेगळ्या कंपन्यांची पोस्टपेड असू द्या. परमिटच्या अर्जात हुंदर, पँगाँग, मेराक, चुशूल, हानले सगळी नावं घाला आणि सहा-सात झेरॉक्स ठेवा, चौकीवर एक-एक जाते. डिझेल लेहहून निघतानाच फुल्ल. ड्रोन घरीच. चौक्या, पूल आणि लष्करी गाड्यांकडे कॅमेरा वळवायचा नाही.

ड्रायव्हरशी लेहमध्येच बोलून घ्या: रात्री गाडी हलणार नाही. त्याची झोप मोडून दुसऱ्या दिवशी खिंड चढायला लावणं म्हणजे चौघांचा जीव टांगणीला लावणं. त्यामुळे होमस्टे असा निवडा की कॅमेऱ्याच्या जागेपर्यंत चालत जाता येईल.

एफ_दोन

आता कॅमेरा. ५०० चा नियम, म्हणजे ५०० भागिले फोकल लेंग्थ इतके सेकंद एक्स्पोजर, विसरा. त्याने २० मिमीला २५ सेकंद येतात आणि २४ मेगापिक्सेलवर तारे तांदळासारखे लांबट दिसतात. सेकंद काढायला एनपीएफचं सूत्र वापरा: छिद्राचा आकडा गुणिले ३५, अधिक पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये गुणिले ३०, आणि बेरजेला फोकल लेंग्थने भागा. तुमचा पिक्सेल सुमारे ५.९ मायक्रॉन. एफ २ वर (७० + १७७) ÷ २० = १२ सेकंद. एफ १.८ पूर्ण उघडू नका, कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात. एफ २ किंवा २.२, आयएसओ ३२०० ते ६४००, व्हाइट बॅलन्स ४००० केल्विन, रॉ.

अशा एकाच फ्रेमच्या लागोपाठ २० प्रती घ्या, म्हणजे आकाशाचा चार मिनिटांचा उजेड जमा होतो. घरी विंडोजवर सिक्वेटर किंवा मॅकवर स्टारी लँडस्केप स्टॅकर त्या एकावर एक जुळवून देतो (हेच स्टॅकिंग) आणि फोटोतले दाणे, म्हणजे नॉइज, बरेच कमी होतात. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन त्या वेळी बंद, नाहीतर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडून बसतो. त्याऐवजी शेवटी झाकण लावून त्याच सेटिंगवर १० डार्क फ्रेम घ्या. जमिनीसाठी वेगळी फ्रेम: ट्रायपॉड न हलवता आयएसओ १६००, तीन-चार मिनिटं. संधिप्रकाशात, सूर्यास्तानंतर चाळीसेक मिनिटांनी घेतलीत तर आणखी स्वच्छ येते.

फोकस अभिजितवर करा, सप्टेंबरच्या संध्याकाळी तो जवळजवळ डोक्यावरच असतो. लाइव्ह व्ह्यू दहापट, ठिपका सगळ्यात बारीक होईपर्यंत रिंग फिरवायची, मग चिकटपट्टी. पण पट्टी लावली म्हणून निश्चिंत होऊ नका. रात्री तापमान उतरलं की फोकस सरकतो, दर तासाला बघा. बाहेरून थेट उबदार खोलीत कॅमेरा नेला की लेन्सवर आणि आतही बाष्प धरतं. आत शिरण्याआधी झिपच्या पिशवीत बंद करा आणि सकाळपर्यंत उघडू नका. कार्ड तेवढं आधी काढून घ्या.

हुंदरची वाळू हा वेगळाच छळ आहे. ट्रायपॉडचे पाय रुंद उघडून तळहाताएवढे आत दाबा आणि दोन मिनिटं थांबा. वाळू खचत असते, पहिल्या दोन-तीन फ्रेम हमखास हलतात. सगळ्यात खालचा बारीक पाय उघडायचाच नाही. त्याच्या लॉकमध्ये कण शिरला की पिळताना कर्र वाजतं. तसं वाजलं तर जोर न लावता तो पाय खोलून कोरड्या ब्रशने पुसायचा, तेल लावायचं नाही. टेकड्यांवर लेन्स बदलायची नाही. तिथे सूर्य खऱ्या सूर्यास्ताच्या बराच आधी डोंगराआड जातो, तेव्हा वाळूच्या लाटांवरची तिरपी सावली हवी असेल तर चारलाच जागेवर असा. त्यासाठी २४-१०५ चं लांब टोक. आणि पोलरायझर फिल्टर त्या उंचीवर जपून: २० मिमीला आभाळाचा एक तुकडा काळा आणि बाकी फिकट होतो.

पायवाट_पुणे

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं, खूप आभार. तारखा २ ते १२ केल्या, उमलिंग ला काढला. स्टॅकिंगने भागत असेल तर ट्रॅकर नकोच ना? आणि हानलेत फोटो काढणाऱ्यांसाठी काही नियम आहेत का?

एफ_दोन

२० मिमीला नको. वारा, थंडी आणि ध्रुव जुळवण्यात तुमच्या सव्वादोन तासांतला अर्धा तास जाईल.

रोहिणीशकट

इथे माझं मत थोडं वेगळं. २० मिमीपुरतं बोलायचं तर एफ_दोन यांचं बरोबर. पण कुणाकडून ८५ मिमी एफ १.८ मिळत असेल तर तेच सूत्र पावणेतीन सेकंद देतं, तेवढ्यात काही हाती लागत नाही. धनूतले तेजोमेघ आणि देवयानी दीर्घिका ८५ मिमीने काढायची तर ट्रॅकर हवाच. हानलेसारखं आकाश पुन्हा कधी मिळेल? फक्त निघण्याआधी गावाबाहेर दोन-तीन रात्री सराव करा. आणि हे विसरू नका: पुण्यात ध्रुव साडेअठरा अंशांवर असतो, हानलेत पावणेतेहतीस. वेज, म्हणजे ट्रॅकर ध्रुवाच्या कोनात बसवणारा आधार, तिथे पोहोचल्यावर दिवसाच नव्याने लावून ठेवा, गोठलेल्या बोटांनी तो स्क्रू फिरत नाही.

नियमांचं. हानले डार्क स्काय रिझर्व्ह २०२२ मध्ये जाहीर झालं, १०७३ चौरस किलोमीटरचं. टेकडीवर ४५०० मीटरवर भारतीय खगोलीय वेधशाळा आहे. तिथली दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण आणि गॅमा किरणांसाठीची २१ मीटरची मेस दुर्बीण रात्रभर काम करत असतात. अंधार हीच त्यांची सामग्री. त्यामुळे अंधार पडल्यावर गाडीचे दिवे नाहीत, पांढरा टॉर्च नाही, हिरवा लेझर तर अजिबात नाही. लाल हेडलँप, तोही जमिनीकडे. फोरग्राउंडवर टॉर्च मारायची हौस इथे करू नका, शेजारच्याची वीस फ्रेमची मालिका त्यात जाते. खोलीचे पडदे ओढा. गावातल्या तरुणांना खगोलदूत म्हणून प्रशिक्षण आणि दुर्बिणी दिल्या आहेत. एक संध्याकाळ त्यांच्याकडून आकाश बघा, पैसे गावात राहतात आणि कोणत्या बाजूला उजेड नाही ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

फोटोत आकाश हिरवट किंवा तांबूस पट्ट्यांचं दिसलं तर ढग समजून आवरू नका. तो वातावरणाचा स्वतःचा उजेड, एअरग्लो. संपादनात तो पूर्ण पुसून काढू नये असं माझं म्हणणं.

आणि एक पहाट राखून ठेवा: १० सप्टेंबर, पावणेचार ते साडेचार. पूर्वेला क्षितिजातून तिरका, उंच, दुधी शंकू वर येतो. पहाट झाली असं वाटतं, पण तो राशिचक्रीय प्रकाश, सूर्याभोवतीच्या धुळीवरून परतलेला. चंद्राची कोर त्यानंतरच उगवते. २० मिमी, एफ २, तेच १२ सेकंद.

खिंडवाला

१० ची पहाट जागणार असाल तर लेहकडे सातला न निघता दहाला निघा, ड्रायव्हरला आदल्या दिवशीच सांगा. मधल्या वेळात झोपा.

बॅटऱ्या कॅमेऱ्यातली धरून चार तरी हव्यात. वापरात नसलेल्या आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा. थंडीत ३० टक्के दाखवणारी बॅटरी अचानक मान टाकते, अंगाशी धरून गरम केली की पुन्हा थोडी चालते. होमस्टेच्या विजेवर विसंबू नका, गाडीत चालणारा १२ व्होल्टचा चार्जर घ्या. पॉवरबँक १०० वॉटअवरच्या आतली. ती आणि सुट्या बॅटऱ्या विमानात हातातल्याच बॅगेत, चेक-इनमध्ये टाकल्यात तर बॅग उघडायला लावतात.

हातमोजे दोन थरांचे: आत पातळ, वर बोटं झाकणारे जाड. सप्टेंबरातही हानलेत पारा रात्री शून्याखाली जातो आणि ट्रायपॉडचा धातू उघड्या हाताला चटका देतो. पायांना फोम किंवा सायकलच्या हँडलची टेप आत्ताच गुंडाळून टाका.