लायसन्स तपासणीचा ई-मेल आला आहे. माहिती देणे बंधनकारक आहे का?

भोसरीकर: भोसरी एमआयडीसीत आमचा साचे बनवण्याचा लहान कारखाना आहे. एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या नावाने ‘लायसन्स रिव्ह्यू’चा ई-मेल आला असून, सोबतचा एक्सेल तक्ता आठवडाभरात भरून न दिल्यास प्रकरण लीगलकडे जाईल, असे त्यात म्हटले आहे. सहीखाली पद मात्र ‘अकाउंट मॅनेजर’ असे आहे आणि फोनवर त्यांनी लगेच क्लाउड सबस्क्रिप्शनचे दर सांगायला सुरुवात केली. तक्ता भरून द्यावा का?

जुना_सिसॲडमिन: पदावरूनच हा विक्रीचा प्रकार दिसतो. खऱ्या ऑडिटचा अधिकार करारातून येतो. उदाहरणार्थ, मायक्रोसॉफ्टच्या व्हॉल्यूम (एकगठ्ठा लायसन्स घेण्याच्या) करारांत 30 दिवसांची पूर्वसूचना आणि गोपनीयतेने बांधलेला स्वतंत्र ऑडिटर अशी तरतूद असते. 5 टक्के किंवा अधिक तूट (म्हणजे वापराच्या मानाने लायसन्स कमी) निघाली, तर तपासणीचा खर्च आणि किमतीच्या 125 टक्के दराने लायसन्स ग्राहकाच्या माथी येतात. तेव्हा कोणत्या कराराच्या कोणत्या कलमाखाली ही मागणी आहे, एवढेच लेखी विचारा. तक्ता नीट पाहा: ‘इन्स्टॉल केलेल्या प्रती’ असा रकाना असतो, पण संगणकाबरोबर आलेल्या ओईएम लायसन्ससाठी बहुधा जागाच नसते, त्यामुळे तो कितीही प्रामाणिकपणे भरला तरी तूट दिसते आणि ती तुमच्याच सहीने लेखी कबूल होते.

हिशोबनीस: सहमत, पण ई-मेल बेदखल करू नका. काही सीएडी (संगणकावर डिझाइन करण्याच्या) सॉफ्टवेअरच्या साध्या लायसन्समध्येही तपासणीचे कलम असते. शिवाय कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 63ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास 7 दिवस ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. आधी आपली मोजणी आपणच करून बिले जुळवा.

कोड_कारकून: ‘तुमच्याकडे एकूण कर्मचारी किती?’ हा प्रश्नही सहज विचारलेला समजू नका. ओरॅकलने जानेवारी 2023 मध्ये आणलेल्या ‘जावा’ या सॉफ्टवेअरच्या सबस्क्रिप्शनची किंमत एकूण कर्मचारीसंख्येवर ठरते, जावा वापरणारे दोघेच असले तरी.

भोसरीकर: सर्वांचे आभार. कलम लेखी विचारले. उत्तरात कलम नाही, तिमाहीअखेरपर्यंतच्या सवलतीचे कोटेशन आले. तक्ता पाठवलेला नाही. बिलांची जुळवणी सुरू आहे; ओईएमची काही जुनी बिले सापडत नाहीत, ती विक्रेत्याकडून मागवली आहेत.