तर्काला पटलं म्हणजे खरं झालं का?

धंतोलीचा रिकामटेकडा

परवा इथे 'तर्कनिष्ठ नागपूरकर' यांची पोस्ट आली होती. म्हणे तर्क हीच सत्याची एकमेव कसोटी; एकदा तर्काने सिद्ध झालं की त्यावर शंका घेणं म्हणजे बुवाबाजीला दार उघडून देणं. खाली धडाधड अंगठे. मी दोन दिवस सोडून दिलं. आज सकाळी तर्री पोहे खाताना परत आठवलं आणि ठसका लागला, तेव्हा लिहूनच टाकतो.

आधीच सांगतो, मी गंडेदोरेवाला नाही. माझा राग त्या 'सिद्ध झालं'वर आहे.

ले व्हेरिए नावाचा फ्रेंच गणिती. युरेनस ठरल्या वाटेने चालत नव्हता. याने टेबलाशी बसून आकडेमोड केली: न्यूटनचा नियम खरा, तरी कक्षा बिघडते, म्हणजे पलीकडून कोणीतरी ओढतंय. कुठून ओढतंय तेही काढलं आणि बर्लिनला पत्र धाडलं. २३ सप्टेंबर १८४६ ला पत्र पोचलं, त्याच रात्री तिथल्या वेधशाळेतल्या गालेने दुर्बीण लावली, आणि सांगितल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून हजर! तर्काचा याहून मोठा विजय मलाही माहीत नाही.

पुढे तोच माणूस. बुधाची कक्षाही हिशेबापेक्षा किंचित जास्त सरकत होती. १८५९ मध्ये याने तोच तर्क लावला. न्यूटन खरा, कक्षा बिघडते, म्हणजे सूर्याजवळ आणखी काहीतरी आहे. त्या ग्रहाचं नावही ठरलं, व्हल्कन. एका हौशी डॉक्टरने 'मला दिसला' म्हणून कळवलंसुद्धा. लोक कितीतरी वर्षं शोधत बसले. ग्रह नव्हताच. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने दाखवलं की सूर्याच्या इतक्या जवळ न्यूटनचा हिशेबच कमी पडतो.

दोन्ही वेळा माणूस तोच, तर्क तोच, सफाई तीच. नुसत्या तर्काकडे बघून नेपच्यून सापडणार आणि व्हल्कन नाही, हे कोणाला सांगता आलं असतं? सांगा की.

तर्कनिष्ठ नागपूरकर

नाव घेऊन लिहिलंत, मग उत्तरही घ्या.

व्हल्कन खोटा ठरला तो कशाने? कोणाच्या अंगात आलं होतं? निरीक्षण आलं आणि त्याचा अर्थ तर्कानेच लावला. डोळ्यांवर एवढाच भरवसा असेल तर मे २०२४ आठवा. आपल्या शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. देशभर बातमी. पोट्टे रस्त्यावर अंडं फोडायला निघाले होते. त्याच दिवशी इथली दुसरी दोन केंद्रं ४४ च्या आसपास होती. एकाच गावात बारा अंशांचा फरक पडत नाही, तेव्हा यंत्रच बिघडलं असणार, हे कोणी पाहिलं नव्हतं, तर्काने कळलं. हवामान खात्यानेही शेवटी सेन्सरचाच दोष सांगितला.

गॅलिलिओचं उदाहरण तर शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. जड दगड जोरात पडतो म्हणता? मग जड दगडाला हलका बांधा. हलका मागे ओढेल, म्हणून जोडी हळू पडायला हवी. पण जोडी मिळून जास्त जड, म्हणून जोरात पडायला हवी. दोन्ही एकदम कसं होईल? एकही दगड न फेकता ॲरिस्टॉटल आडवा!

आणि लांब कशाला जाता, रोज झिरो माइलवरून जात असाल. इंग्रजांनी अख्खा देश त्रिकोणांनी मोजला, तर्काने मध्य काढला आणि तिथे खांब रोवला. तर्क वास्तवाला भिडतो की नाही, ते त्या खांबाला हात लावून बघा.

संत्रावाला

मी काटोलकडचा. मले तुमचा तो फ्रेंच मानूस माहीत नाई, पन तसाच एक औषधाच्या दुकानात बसते.

चार वर्साआधी माह्या बागेत पन्नासक झाडाईची पानं पिवळी पडली. मोबाइलवर फोटू दाखवला. तो म्हने, "जस्त कमी असलं का पानं पिवळी पडतात. तुमची पडली. म्हनजे जस्त कमी हाय." आता याच्यात चूक काढून दाखवा! मलेबी पटलं. दोन फवारे मारले. पानं आखीन पिवळी.

मंग एक दिवस बाप आला. त्यानं पानाकडं पाह्यलंच नाई. बुडाजवळ उकिडवा बसला, इळ्याच्या टोकानं साल खरवडली. आतून तपकिरी, आन् डिंक असा का बोटाले चिकटून तार निंगे. "डिंक्या हाय बे. पानी बुडाले लागून राह्यलं, तू वरतं काहून फवारून राह्यला?" बावीस झाडं उपटली. बाकीची बोर्डो पेस्ट लावून वाचली.

बाप चवथी शिकेल हाय. तर्क नाई, बूड पाह्यलं त्यानं.

रामटेकची ताई

दादा, झाडांचं वाचून वाईट वाटलं. पण दुकानदाराने तर्क केलाच नाही, तर्क उलटा घातला. आमच्याकडे न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात. जिथे धूर तिथे विस्तव, हे चालतं. जिथे विस्तव तिथे धूर, हे चालत नाही. लोहाराचा लालभडक गोळा पाहा, विस्तव आहे आणि धूर औषधालाही नाही. धुरासाठी विस्तवाला ओलं लाकूड भेटावं लागतं. त्या ओल्या लाकडाला शास्त्रात उपाधी म्हणतात. दुकानदार म्हणाला जस्त कमी तर पान पिवळं, इथवर ठीक. पान पिवळं तर जस्त कमी, ही उडी कोणी सांगितली?

आणि तुमच्या बाबांनीही तर्कच केला, बरं का. डिंक दिसला, त्यावरून न दिसणारी मुळाची कूज ओळखली.

संत्रावाला

ताई, हे त्या दुकानदाराले सांगा. बावीस झाडाईचे पैसे उपाधीकून घेऊ का?

तर्कनिष्ठ नागपूरकर

ताईंनी माझंच म्हणणं सिद्ध केलं. धन्यवाद.

रामटेकची ताई

नाही केलं, काका. विस्तवाशिवाय धूर कधीच नसतो हे तुम्हाला कुठून कळलं? सगळे स्वयंपाकघर हिंडून आलात? चार्वाकांनी नेमकं हेच विचारलं होतं. ती व्याप्ती, म्हणजे 'जिथे हे तिथे ते' हा कधीच न चुकणारा नियम, हाती आली की पुढचं तर्काचं काम सोपं. ती हाती येते कशी, तिथे खरी मारामारी आहे. ले व्हेरिएचं तेच झालं. 'न्यूटन सगळीकडे खरा' ही त्याची व्याप्ती, आणि ती नेमकी बुधापाशी तुटली.

आता मी स्वतःच्याच पायावर दगड मारून घेते. 'तर्काला बूड नाही' हे ब्रह्मसूत्रातही आहे, तर्काप्रतिष्ठानात्. त्यावर भाष्यातलाच पूर्वपक्षी, म्हणजे विरुद्ध बाजू मांडणारा, खोचकपणे म्हणतो, तर्काला बूड नाही हेही तुम्ही तर्कानेच ठरवताय ना? हा टोला अजून कोणाला नीट परतवता आलेला मी पाहिलेला नाही. रिकामटेकडे भाऊंनी परतवून दाखवावा.

इंदोऱ्याचा सम्यक

दर महिन्याला हा वाद कोणीतरी काढतंच. ज्या शहरात १९५६ ची धम्मदीक्षा झाली तिथे हे विचारावं लागतं याचीच लाज वाटते. कालाम सुत्त वाचा. परंपरा म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणून मानू नका. बुद्धाने अडीच हजार वर्षांपूर्वी बुद्धिवाद सांगून ठेवलाय.

धंतोलीचा रिकामटेकडा

सम्यक भाऊ, यादीतलं मधलं का गाळलं? त्याच यादीत हेही आहे: मा तक्कहेतु, मा नयहेतु. नुसत्या तर्काने पटलं म्हणूनही मानू नका. पोस्टरवर हे दोन शब्द कधी छापत नाहीत.

इंदोऱ्याचा सम्यक

पोस्टरवर वाचून बोलणारा मी नाही. लहानपणापासून विहारात ऐकतोय. तिथे तर्क टाकून द्या असं म्हटलेलं नाही, नुसत्या तर्कावर थांबू नका असं म्हटलंय. पुढे काय आहे? जेव्हा तुम्ही स्वतः जाणाल की या गोष्टी अकुशल आहेत, दुःखाकडे नेतात, तेव्हा सोडा. म्हणजे करून बघा. ठीक आहे, 'बुद्धिवाद' हा शब्द मी घाईत वापरला. पण तुमचा सूर असा होता की जणू तुम्हीच पाली शोधून काढली.

आयटी पार्कचा पक्या

गोडेल नावाच्या गणितज्ञाने १९३१ मध्येच सिद्ध केलं की तर्कशास्त्र अपूर्ण आहे. विषय संपला. सगळे घरी जा.

गणिताचा मास्तर

विषय संपला नाही, माझं बीपी वाढलं. तीस वर्षं शिकवतोय आणि दर वर्षी एक पोट्टा हे वाक्य घेऊन येतो. गोडेलने सिद्ध केलं ते असं: अंकगणित मांडता येईल एवढी ताकद असलेली, विसंगती नसलेली, आणि जिचे नियम यंत्रासारखे तपासता येतात अशी कोणतीही पद्धत घ्या, तिच्यात एखादं विधान असं उरतंच, जे त्या पद्धतीतून सिद्धही होत नाही आणि खोडताही येत नाही. तर्क खोटं बोलतो असं त्यात कुठे आहे? आणि हे त्याने सिद्ध कशाने केलं, पक्या? तर्कानेच ना!

तर्कनिष्ठरावांनीही लगेच खूश होऊ नये. गॅलिलिओच्या दगडांनी 'जितकं जड तितकं जोरात' हे मोडलं, इतकंच. वस्तू सेकंदाला किती वेग धरते, ते दगड बांधून कळत नाही. त्यासाठी गॅलिलिओलाही उतारावरून गोळे सोडत बसावं लागलं. आणि दोन हजार वर्षं लोकांना युक्लिडची भूमिती हाच अवकाशाचा एकमेव आकार वाटत होता. १८२९ मध्ये लोबाचेव्हस्कीने समांतर रेषांचं गृहीतक बदलून दुसरी भूमिती छापली. तीही तितकीच निर्दोष. दोन्ही निर्दोष असतील तर जग कोणत्या भूमितीचं, हे तर्क कसा सांगणार? मोजावंच लागतं.

बाकी झिरो माइलबद्दल मला बोलायचंच आहे. तो देशाचा मध्य नाही.

महालातला म्हातारा

काय बोलून राहिले मास्तर! अख्खी दुनिया मानते.

गणिताचा मास्तर

अख्ख्या दुनियेने व्हल्कनही मानला होता. त्या जागेवरच्या दगडावर काय कोरलंय ते वाचा: जीटीएस स्टँडर्ड बेंच मार्क, १९०७. जीटीएस म्हणजे इंग्रजांची तीच त्रिकोणांची मोजणी, आणि बेंच मार्क म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची पक्की करून ठेवलेली खूण. देशाच्या मध्याचा त्यात संबंध काय? आणि १९०७ मध्ये हिंदुस्थानात ब्रह्मदेश होता, आजचा पाकिस्तान-बांगलादेश होता. त्या नकाशाचा मध्य आणि आजच्या नकाशाचा मध्य एकच कसा येईल?

महालातला म्हातारा

मग चार घोडे कशाला उभे केले तिथे?

आयटी पार्कचा पक्या

आम्ही कोडमध्ये भारताचा नकाशा मधोमध आणायला २०.५९ उत्तर, ७८.९६ पूर्व टाकतो. ते हिंगणघाटजवळ पडतं. म्हणजे मध्य हिंगणघाट. जय वर्धा जिल्हा.

तर्कनिष्ठ नागपूरकर

काहीही! तो नुसता सोयीचा आकडा आहे.

गणिताचा मास्तर

आणि तुमचा सोयीचा नाही? मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यात करौंदी गाव आहे, तिथेही देशाचं केंद्र म्हणून स्मारक उभं आहे. त्यांचाही तर्कच. मध्य म्हणजे काय ते आधी ठरवा: क्षेत्रफळाचा तोल, की चार टोकांचा मध्य? अंदमान धरायचं की नाही? व्याख्या बदलली की खांब हलतो.

रामटेकची ताई

हा घोळ मी स्वतः भोगलाय. सातवीत सरांनी पुठ्ठ्यावर भारत काढायला लावला. कापायचा, कडेला भोक पाडून दोऱ्याने टांगायचा, दोऱ्याला सायकलचा नट बांधायचा आणि दोऱ्यामागून रेघ मारायची. तीन भोकं, तीन रेघा, जिथे मिळतील तो मध्य. मी कापायला बसले तर ईशान्येची मान तुटली. ती कोंबडीची मान म्हणतात ना, सिलीगुडीपाशी, तिथे पुठ्ठा चार सुतांचाही उरत नाही. अख्खा आसाम माझ्या मांडीवर. सर म्हणाले, "बांगलादेशासकट कापा, म्हणजे तुटणार नाही." सगळ्या वर्गाने बांगलादेशासकट भारत कापला.

रेघा मिळाल्या त्या नागपूरच्या बऱ्याच वर. सरांनी माझा पुठ्ठा हातात घेतला, डोळे बारीक केले आणि टाचणी नागपूरवर टोचली. "दोरा वाकडा होता," म्हणाले. वर्गातल्या पंचेचाळीस जणींचा दोरा वाकडा होता.

तर्कनिष्ठ नागपूरकर

हा त्या शिक्षकाचा दोष आहे, तर्काचा नाही. तुम्ही लोक प्रत्येक चुकीचं खापर तर्कावर फोडता आणि बरोबर निघालं की अनुभवाला हार घालता. माझे वडील अंगारे-धुपारे करत गेले. डॉक्टरकडे न्यायला घरच्यांनी चार दिवस लावले. त्यांच्याकडे अनुभव भरपूर होता, तर्क कोणाकडेच नव्हता. म्हणून मला राग येतो. आता हसा.

धंतोलीचा रिकामटेकडा

काका, हसत नाही. मला हे माहीत नव्हतं.

मुद्दा तसाच ठेवतो, सूर मागे घेतो. आणि ताईंचा टोला मला परतवता येत नाही, तोही मान्य. तर्काविरुद्ध बोलायला मला तर्कच लागतो. पण 'एकदा सिद्ध झालं की शंका नको' हे तुम्ही काढून टाका, मग माझं भांडण नाही.

तर्कनिष्ठ नागपूरकर

'एकदा' काढतो. 'शंका नको' काढणार नाही.

गणिताचा मास्तर

'एकदा' काढल्यावर वाक्यात उरतं काय?

महालातला म्हातारा

ते राहू द्या. मध्य कुठे आहे ते सांगा.

गणिताचा मास्तर

काल रात्री नातीकडून रंग आणि पुठ्ठा घेऊन बसलो. बांगलादेश वगळून, मानेला मागून काडी चिकटवून. काडीचंही वजन पडतं, मान्य. पाच भोकं पाडली. पाच रेघा एका बिंदूत मिळतच नाहीत, मधे बोटाएवढी जागा मोकळी राहते. ती जागा जबलपूरच्या खाली येते. नागपूर तिच्याबाहेर, दक्षिणेला.

महालातला म्हातारा

तुमचा दोरा वाकडा होता.

संत्रावाला

त्या बोटाएवढ्या जागेत काटोल येते का, मास्तर?

गणिताचा मास्तर

नाही.