कम्युनिटी रेडिओ काढायचाय, सरकारी अनुदान घ्यावं का?

उल्का_तालुकेवाली
नमस्कार मंडळी. आमची छोटी संस्था आहे, बचत गट आणि मुलांची लायब्ररी चालवतो. मागच्या वर्षी साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग या कम्युनिटी रेडिओचं (म्हणजे संस्थेने आपल्या भागापुरता चालवलेला रेडिओ) स्टेशन बघून आलो, तेव्हापासून सगळ्यांच्या डोक्यात रेडिओ शिरलाय तो काही निघत नाही. केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडून मशिनरीला अनुदान मिळतं असं कळलं. आता मीटिंगमध्ये दोन गट पडलेत, एक म्हणतो ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, सरकारी पैसा घेतला की बोलायची चोरी. दुसरा म्हणतो आपल्याच टॅक्सचा पैसा आहे, लाजायचं कशाला. ज्यांनी प्रत्यक्ष स्टेशन चालवलंय त्यांनी सांगा ना.

खरखर_९०
ताई, आम्ही आठ वर्षं चालवतोय. अनुदान घ्या, डोळे झाकून घ्या, पण ते कशाला मिळतंय ते नीट बघा. २०१७ साली मशिनरीच्या खर्चाच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त साडेसात लाख असं केलं होतं (ईशान्येकडच्या राज्यांना ९० टक्के, त्याआधी ५० टक्केच मिळायचे). तुम्ही अर्ज कराल तेव्हाचे नियम चालू असतील तेच धरा. तर हा पैसा ट्रान्समीटर, मिक्सर, माईक असल्या वस्तूंना. स्टुडिओत रोज बसणाऱ्या दोन पोरींचा पगार, लाइट बिल, रेकॉर्डर घेऊन वाडीवस्तीवर जायचं पेट्रोल हे सगळं तुमचं तुम्ही.

आमचं उदाहरण सांगतो. उद्घाटनाला आमदारांपासून सगळे, फोटो काय, फेटे काय. दुसऱ्या पावसाळ्यात यूपीएसच्या बॅटऱ्या बसल्या आणि नव्या घ्यायला खात्यात पैसे नाहीत, मग नऊ दिवस लाइट गेली की स्टेशन गप. स्टुडिओच्या भिंतींना बायकांनी जुन्या गोधड्या ठोकून दिल्या, फुकटात आवाज घुमायचा बंद झाला, त्या अजून आहेत. पण बॅटरी काय गोधडीची होत नाही!

जाहिरातीचं म्हणाल तर २०२४ च्या नव्या गाइडलाइन्सनी तासाला ७ मिनिटांची १२ मिनिटं केली आणि सरकारी जाहिरातीचा रेट १० सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये. म्हणजे सगळी १२ मिनिटं भरली तर तासाला ५,३२८ रुपये, कागदावर. प्रत्यक्षात आम्हाला एका खात्याचे जाहिरातीचे पैसे अकरा महिन्यांनी मिळाले, तोवर पोरींचा पगार सेक्रेटरींच्या खिशातून. म्हणून सांगतो, पहिल्या दोन वर्षांचा चालवायचा खर्च आधी बाजूला ठेवा आणि मगच टॉवरचं कोटेशन मागवा.

बिनतारी
खरखर काकांशी सहमत, पण मूळ प्रश्न राहिला, बोलायची चोरी होते का. माझ्या मते अनुदानाने तेवढी होत नाही जेवढी लायसन्सच्या अटींनी होते. १९९५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता, तरी कॉलेज-विद्यापीठांना परवानगी मिळायला २००२ उजाडलं आणि आपल्यासारख्या संस्थांना २००६. त्यातही बातम्या द्यायच्या नाहीत, फार तर आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावायच्या. पाणी, लाइट, हवामान, परीक्षा यांच्या सूचना चालतात. म्हणजे नळाला पाणी किती वाजता येणार ते सांगता येतं, आठ दिवस का आलं नाही हे विचारलं की ती बातमी होते का, यावर आमची कमिटी अख्खी संध्याकाळ भांडली होती 😄

आणि पैशाचं म्हणाल तर एकदाच मिळणारं अनुदान मला कमी धोक्याचं वाटतं. मशीन आलं, विषय संपला. दर महिन्याचं उत्पन्न एकाच गिऱ्हाइकाकडून येत असेल आणि ते गिऱ्हाईक सरकारच असेल तर मात्र माणूस आपसूक जपून बोलायला लागतो, कुणी फोन करायची गरजच पडत नाही. फ्रान्समध्ये अशा छोट्या रेडिओंसाठी वेगळा सरकारी फंड आहे, जाहिरातीचं उत्पन्न २० टक्क्यांच्या आत असलेल्या स्टेशनांना त्यातून चालवायच्या खर्चालाही मदत मिळते. नियम आधी ठरलेला असला की साहेबाची मर्जी सांभाळावी लागत नाही. आपल्याकडे असं काही मागायला हवं, पण मशीन सोडून पगाराचं कोण मागतो?

चहाबाज
एवढ्या भानगडीपेक्षा यूट्यूब चॅनल काढा की. टॉवर नको, लायसन्स नको.

खरखर_९०
चहाबाज, रानात खुरपणाऱ्या बाईच्या कमरेला छोटा रेडिओ लटकलेला असतो, तिचा हात मातीत असतो. ती यूट्यूब कधी उघडणार? आणि नेटपॅक कोण भरणार?

चहाबाज
बरं बाबा, हरलो.

बिनतारी
उल्काताई, एक विचारायचं राहिलं. संस्था रजिस्टर होऊन किती वर्षं झाली? अर्जाच्या वेळी किमान तीन लागतात आणि त्या भागात केलेलं काम दाखवावं लागतं. लायसन्स संस्थेलाच मिळतं, एकट्या माणसाला किंवा पक्षाला नाही. नव्या नियमात सल्लागार कमिटीत निम्म्या बायका हव्यात, ते तुम्हाला जड जाणार नाही म्हणा.

उल्का_तालुकेवाली
बायकांचं टेन्शन नाही, आमच्याकडे पुरुष शोधावे लागतील 😀 पण तीन वर्षांचं कुणी बोललंच नव्हतं! आत्ता सर्टिफिकेट काढून बघितलं, दोन वर्षं चार महिने झालेत. म्हणजे अजून आठ महिने मीटिंगमध्ये भांडायला मोकळे. काका, तोवर गावातल्या म्हाताऱ्यांच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवायचं ठरवलंय, त्यातल्या दोघी नव्वदीच्या आहेत. मोबाइलचं रेकॉर्डिंग पुढे रेडिओवर लावण्याइतकं बरं येतं का, की साधा रेकॉर्डर विकत घेऊ?

खरखर_९०
मोबाइल चालतो, फक्त फॅन बंद करा आणि फोन तोंडाजवळ धरा. नव्वदीच्या आहेत म्हणताय तर या रविवारीच जा.