भोंगा घाटावरच कशाला?

कोल्हापुरात पुराचा इशारा द्यायला भोंगा लावायचा, आणि पाणी पंचगंगेतून येतं म्हणून तो नदीच्या घाटावरच लावा, असं काहींचं म्हणणं; ते अर्धंच पटलं. ऐकायचं आहे ते दुधाळी, सुतार मळा, शाहूपुरी या वस्त्यांत. मोकळ्यातसुद्धा अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं पडतो, इथं तर मध्ये इमारती आणि पावसानं बंद केलेल्या खिडक्या. त्यामुळं एकाच दांडग्या भोंग्यापेक्षा मध्यम ताकदीचे चार बरे, गच्च्यांपेक्षा उंच खांबावर. नाहीतर खांबाखालच्या घराचे कान जाणार आणि शाहूपुरीला पत्ताच नाही.

विजेचं मात्र कुणीच काढलं नाही. २०१९ च्या पुरात वीज उपकेंद्रंच पाण्यात गेली होती. म्हणजे बॅटरी पाहिजेच, आणि तिची पेटी त्या वेळच्या पाणीरेषेच्या वर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ ला धोका. वाजवायचं ते ३९ लाच, गोठ्यातली जनावरं हलवायला वेळ लागतो.