मिक्सर इथून नेऊ नका

अमेरिकेत ओहायोत घेतलेल्या घराचा ताबा पुढच्या महिन्यात मिळतोय, तर इथून मिक्सर न्यावा का, असं विचारलंत. नका नेऊ. आमच्या पोरानं तिकडे घर घेतलं तेव्हा मी आर्वीहून मिक्सर बॅगेत कोंबून नेला. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. शेंगदाण्याचं कूट करायला लावला तर नुसता घरघरला. मग व्होल्टेज वाढवायचा ट्रान्सफॉर्मर आणला, तो मिक्सरपेक्षा जड! पाटा-वरवंटा परवडला असता.

सामान लावायच्या आधी कुलपं बदला. जुन्या किल्ल्या कोणाकोणाकडे असतील काय माहीत. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह शोधून ठेवा. आपल्याकडे टाकीखालचा कॉक शेंबडं पोरही दाखवतं, तिथे तो तळघरात कपाटामागे सापडला. आणि राहायला जायला उशीर होणार असेल तरी हिवाळ्यात हीटिंग पूर्ण बंद करू नका, पाइप गोठून फुटतात.

धुराच्या अलार्मचं बटण दाबून बघा. आमचा पहिल्याच दिवशी वांग्याच्या भाजीच्या फोडणीला बोंबलला. (भाजी झकास झाली होती, हे वेगळं.) गॅसवरची चिमणी धूर बाहेर फेकते की गाळून परत घरातच सोडते, तेही तपासा. आमची घरातच सोडत होती.